डबा परत करण्याचं मॉड्यूल

शनिवार. उद्यमबागेतल्या कंपनीत काम नाही,
साहेब गोव्याला,
आणि माझ्या कीबोर्डशेजारी गंगव्वा मुगळींचा डबा.
झाकणावर टोचून घातलेलं नाव: ग. बा. मु.
त्यातला 'बा' घासून घासून गेलेला.

आईचा फोन. "त्यातनं तू भाकरी नेलास होय रे?
सहा दिवस झाले, द्यायचाय तो. रिकामा कसा देऊ?
येताना काहीतरी आण."

मग बसून लिहूनच टाकलं:

    डबा_परत (डबा):
        घास, पूस, उन्हात पालथा घाल
        जर घरात काही केलं असेल
            तेच भर, कढत असताना
        नाहीतर जर कुंद्याचं दुकान उघडं असेल
            पाव किलो
        नाहीतर
            चिमूटभर साखर
        रिकामा: कधीच नाही

चालवून बघितलं.
आमच्याकडनं अळूवडी गेली.
अळूवडी आली म्हणून त्यांच्याकडनं एण्णगाई आली,
एण्णगाई आली म्हणून थालीपीठ गेलं,
थालीपीठ आलं म्हणून शेंगांची होळगी,
होळगी आली म्हणून,
म्हणून,
म्हणून,
पंखा घरघरला, मशीन तापलं,
अकरा हजार डबे जिन्यात
आणि एकही मुक्कामाला नाही.

रुद्रेश आमचा टेस्टर, मूळचा बैलहोंगलचा.
म्हणाला, "थांबायची अट कुठाय ह्याला?"
खरंच नव्हती. घरी येऊन आईला विचारलं.
"थांबायचं कशाला?" आई म्हणाली,
आणि कढईत मोहरी टाकली.

पुढचा घोटाळा सोमवारी.
अनगोळात आम्ही माडीवर राहतो, गंगव्वा खाली.
आई आतून ओरडली, "डबा खाली दे रे!"
माझ्या मॉड्यूलनं ते कन्नडात ऐकलं.
कन्नडात खाली म्हणजे रिकामा.
स्क्रीनवर आलं: रिकामा द्या.
आणि मी, स्वतःच्याच प्रोग्रॅमवर विश्वास असलेला गाढव,
देऊन आलो.

त्यानंतर घरात जे झालं त्याची नोंद कुठल्याच लॉगमध्ये नाही.
आई दोन दिवस जिना उतरली नाही.
दूधवाल्याला पिशवी दोरीनं सोडली,
कट्ट्यावर कुणी दिसलं की खिडकी लावून घेतली.
तिसऱ्या दिवशी गंगव्वाच वर आल्या,
गुडघ्यावर हात ठेवत, एकेक पायरी.
हातात तोच डबा, आत गरम अंबली.
"तब्येत बरं नाही काय तुमचं?
डबा खाली आलं, मला भ्या वाटलं."

आईनं माझ्याकडे असं बघितलं
की रुद्रेशनं काढलेल्या सगळ्या चुका एकीकडे.

रात्री बसून दोन कप्पे केले,
मराठी.खाली, कन्नड.खाली.
रुद्रेश हसला, "एका शब्दासाठी एवढं?"
म्हटलं, आपल्या भागातला शब्द आहे बाबा,
दोन्हीकडे नोंदवलेला बरा.

गंगव्वांना एकदा लॅपटॉप नेऊन दाखवला.
ओळीओळीवर बोट ठेवून अर्थ सांगितला.
ऐकलं त्यांनी, डाळ निवडता निवडता.
मग म्हणाल्या, "आणि साकर संपलं तर?"

साखर संपली तर.
हे लिहिलंच नव्हतं मी.
महिन्याची पंचवीस तारीख, पगार अडकलेला,
बरणीच्या तळाला दोन मुंग्या,
ही अवस्था माझ्या जर-नाहीतरमध्ये कुठंच नव्हती.

"आमचे लग्न नवीन झालेलं," त्या म्हणाल्या,
"तेव्हा तुमच्या आज्जीचं तांब्या आलं होतं माझ्याकडं.
घरात काय पण नव्हतं.
अबोलीचं दोन फूल टाकले आणि दिले.
तुमचे आज्जी काय बोलले नाहीत. माळून घेतले."

डाळीतला खडा त्यांनी उंबऱ्याबाहेर टाकला.

मी तिथंच, पायरीवर बसून,
चिमूटभर साखरेच्या खाली
(मराठीतल्या खाली)
अजून एक नाहीतर लिहिला.